आयजीएचटीची भावकी

“लाईट गेली,” मी म्हणाले.

आमच्या गल्लीत लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. पण ती गेली की घरातल्या कुणीतरी तसं म्हणायचंच असतं, म्हणून मी म्हणाले. संध्याकाळची वेळ होती. आई पुढच्या सोप्यात बसून तात्यांना पेज भरवत होती आणि मी पलीकडे चाचणीचे पेपर तपासत होते. अंधारात चमचा वाटीवर वाजला आणि खुर्चीतून आवाज आला.

“एल आय जी एच टी, लाईट. लाईट म्हणजे?”

आईच्या हातातली वाटी सुटली. पेज माझ्या पेपरांवर सांडली. आणि माझ्या तोंडून, मी चाळिशीला टेकलेली बाई असूनही, छडी बसायच्या भीतीनं बाहेर पडलं, “उजेड!”

“एम आय जी एच टी, माईट. माईट म्हणजे?”

“शक्ती,” आई म्हणाली. ती रडत होती. “शक्ती, शक्ती. म्हणा पुढं. म्हणा की वो.”

दिवाळीत तात्यांना झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, त्याबरोबर वाचाही गेली. आता संक्रांत तोंडावर आली होती. मधल्या काळात त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. तहान लागली तरी नाही, दुखलं तरी नाही. नुसते बघत राहायचे. आणि त्या संध्याकाळी त्यांनी लाईटपासून टाईटपर्यंत सगळी ओळ म्हटली, एकही अक्षर न चुकवता. लाईट परत आली तेव्हा ते थांबले होते आणि आई जमिनीवर पसरलेल्या पेजेत बसली होती.

तात्या म्हणजे बाबर सर. हिंदुराव बाबर. आमच्या तालुक्याच्या गावात ज्याला थोडंफार इंग्रजी येतं त्याला ते तात्यांनी शिकवलेलं असतं, आणि ज्याला येत नाही त्यालाही तात्यांनीच शिकवलेलं असतं. त्यांची रीत न्यारी होती. ते म्हणायचे, “इंग्रजी शब्द कुठली आभाळातनं पडलेली माणसं न्हवंत. त्यांच्यातबी भावकी असती. अक्षरं बघायची आणि घर ओळखायचं.” मग फळ्यावर आय जी एच टी ही चार अक्षरं काढायचे आणि त्यांच्या अंगणात एकेकाला बोलवायचे. ब्राईट थोरला. मग फाईट, फ्लाईट, फ्राईट, लाईट, माईट, नाईट, राईट, साईट, टाईट. “फाईट आन राईट एकाच घरात. मग भांडणं हुणारच!” हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि त्यावर हसणं सक्तीचं होतं. एट म्हणजे आठ आणि वेट म्हणजे वजन, ही दत्तक गेलेली पोरं. अक्षरं घरचीच, पण बोलणं परक्या घरचं.

सर अक्षरं सांगायचे, शब्द सांगायचे आणि ‘म्हणजे?’ म्हणून थांबायचे. वर्गानं एका सुरात अर्थ ओरडायचा. अर्थ आल्याशिवाय सर पुढच्या शब्दाला हात लावायचे नाहीत. सकाळी शाळेत हेच, संध्याकाळी आमच्या सोप्यात शिकवणीला हेच. सारी गल्ली त्यावर घड्याळ लावायची.

मी स्वतः दहावीला इंग्रजीत नापास झाले. बाबर सरांचीच पोरगी! दिव्याखाली अंधार, असं गावानं म्हणून घेतलं. मी गणिताकडे वळले, डी.एड. केलं, जवळच्या वाडीवर शाळा मिळाली. लग्नही झालं, पण ते गणित सुटलं नाही, म्हणून मी परत आईवडिलांकडे राहायला आले. तात्यांनी त्याबद्दल मला कधी चकार शब्द विचारला नाही. त्याबद्दल त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आई चौथी शिकलेली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सगळ्या भावक्यांचे अर्थ पाठ होते. जन्मभर स्वैपाकघरातून तेच ऐकत आली होती. शिकवणीची पोरं अडली की आतून भाकरी थापता थापता तिचा आवाज यायचा, “साईट म्हंजी नजर रं, मुडद्या!” पोरं हसायची. तात्या रागवल्यासारखं करायचे आणि मिशीत हसायचे.

पण तिला स्वतःला तात्यांकडून इंग्रजी नको होतं. तिला एकच शब्द हवा होता. “अगं.” तात्यांनी जन्मात तिला शालन म्हणून हाक मारली नाही. नुसतं ‘अगं’. त्या एका ‘अगं’चे किती अर्थ होते म्हणून सांगू! चहा हवाय, चष्मा सापडत नाही, पाहुणे आलेत, पाठ दुखतेय. आई आवाजावरून ओळखायची. झटका आल्यावर ती मला म्हणाली होती, “वैजू, पाय न्हाई आलं तरी चालंल. हात न्हाई आला तरी चालंल. मी हाय की हातपाय. पर एकदा अगं म्हणू देत. घर लई गप झालंय बग.”

म्हणून त्या लाईट गेलेल्या संध्याकाळनंतर तिची खात्रीच झाली. लाईट म्हणाले, आता अगं म्हणायला कितीसा उशीर?

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोर भानुदास लोहाराची पिठाची गिरणी. तो तात्यांचा विद्यार्थी, आठवीत दोनदा बसलेला. तो पीठ झटकत उंबऱ्यात आला.

“सर, वळखलं का? भान्या. मागच्या बाकावरला.”

तात्या बघत राहिले.

“तसं न्हाई बोलायचं त्यांच्याशी,” आई म्हणाली. एवढ्यात ती यातली जाणकार झाली होती. “सुरवात करून द्यावी लागती. म्हण, बी आर आय.”

भानुदासनं हात मागे बांधले, गिरणीवाला माणूस क्षणात आठवीतला झाला. “बी आर आय जी एच टी...”

“ब्राईट,” तात्या म्हणाले. “ब्राईट म्हणजे?”

“तेजस्वी!” भानुदास ओरडला आणि ढसाढसा रडला. मला अशा रडण्याचा कंटाळा आहे, पण त्या दिवशी मीही रडले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची गल्ली शाळा झाली. आई तात्यांची खुर्ची दारात, रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. भानुदास गिरणी बंद करायचा. शिंप्याचा मुलगा मशीन थांबवायचा. पलीकडच्या पारूकाकू, ज्यांचा इंग्रजीशी संबंध दवाखान्याच्या चिठ्ठीपुरता, त्यासुद्धा सूप घेऊन ओट्यावर बसायच्या. तात्या शब्द टाकायचे आणि गल्ली अर्थ द्यायची. जो तो आपापल्या जागेवरून. पुढे पुढे कुणी उठून यायचंही नाही. हातातलं काम चालू ठेवून नुसता अर्थ टाकायचा, जसं देवळातून घंटा ऐकू आली की बसल्या जागी हात जोडतात.

आई त्यात सगळ्यांच्या आधी असायची. गल्लीचा आवाज चढायच्या आत तिचा अर्थ सांगून झालेला असायचा. अर्थ सांगून ती तात्यांच्या तोंडाकडे बघायची, की आता या ओळीच्या शेवटाला वेगळं काही येईल. ओळ टाईटपाशी संपायची. आई ‘घट्ट’ म्हणायची. तात्यांचं तोंड मिटायचं.

मिरजेला वाचा सुधारणाऱ्या एक बाई होत्या, दातार मॅडम. मी आईतात्यांना गाडी करून त्यांच्याकडे नेलं. आईनं वाटेत तात्यांचे केस दोनदा विंचरले. जणू परीक्षाच होती, आणि तात्या पहिले येणार याबद्दल तिला शंका नव्हती.

मॅडमनी तात्यांसमोर पेला धरला. “सर, हे काय आहे?”

तात्या पेल्याकडे बघत राहिले.

“पाणी हवंय का? हो की नाही, एवढंच सांगा.”

काही नाही.

“त्यांना सुरवात करून द्या की,” आई मधेच बोलली. तिला राहवेना. “आवो, बी आर आय जी एच टी...”

“ब्राईट. ब्राईट म्हणजे?” तात्या सुरू झाले. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आई एकेक अर्थ सांगत होती आणि मधूनमधून मॅडमकडे बघत होती. ऐकताय ना, अशी ती नजर होती.

मग मॅडम सावकाश म्हणाल्या, “आजी, हे बोलणं नव्हे. हे पाठांतर आहे. मेंदूत बोलायची जागा वेगळी आणि पाठ केलेलं ठेवायची जागा वेगळी. सरांची बोलायची जागा गेली. पाठांतराची राहिली. गाणी म्हणता येतात, रामरक्षा म्हणता येते, पण पाणी मागता येत नाही, असे पुष्कळ पेशंट असतात.”

“आवो, पर माझ्यासंगं बोलत्यात की रोज.”

“ते तुमच्याशी बोलत नाहीत, आजी.”

एवढं स्पष्ट बोलायला नको होतं, असं मला वाटलं. आईचा चेहरा पडला. मी विचारलं, “म्हणजे पुढं काहीच नाही का?”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “एक करून बघा. ओळ त्यांनी तोडायला हवी. सगळी ओळ नको, त्यातला एकच शब्द, त्यांना हवा तेव्हा, त्यांनी स्वतःहून उचलला पाहिजे. अंधार झाला आणि ते नुसतं ‘लाईट’ म्हणाले, तर ते बोलले. तसं कधी झालं तर मला फोन करा. मी स्वतः येईन.” चष्मा परत घालत त्या म्हणाल्या, “पण वाट बघत बसू नका. इतक्या दिवसांनी सहसा होत नाही.”

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. तासगाव मागे पडल्यावर बोलली, “येकच शबुद म्हणाली न्हवं ती? मग मी तरी काय मागतीया? येकच.”

त्यानंतर आईनं सगळं करून पाहिलं. मुद्दाम दिवा मालवून बसायची आणि विचारायची, “काय पायजे आपल्याला?” तात्या अंधारात बसून राहायचे. पातळाचा पदर घट्ट बांधून दाखवायची, “ह्ये कसं हाय?” कधी चिडायची. “पोरास्नी मारून मारून शिकीवलं आन आता सोता का गप?” मग आपणच ओशाळून त्यांचं तोंड पुसायची. अखेर तीच ओळ सुरू करून द्यायची, कारण निदान आवाज तरी ऐकू यायचा. ओळ कधी तुटली नाही. ब्राईट म्हटलं की टाईटपर्यंत जायचं आणि गप व्हायचं. मी मनातून आशा सोडली होती. आईला तसं सांगायची माझी हिंमत नव्हती आणि सांगून तिनं ऐकलंही नसतं.

ते फाल्गुनात झालं. शाळेतून परत येताना मी वडापच्या जीपमधून चौकात उतरले. गल्लीच्या तोंडाशीच गल्लीचा आवाज कानावर आला, “धास्तीऽ!” रोजच्यापेक्षा मोठा. रोज ही शाळा दिवेलागणीला भरायची, आज ऊन होतं तोवरच भरली होती. पारूकाकू ओट्यावर गहू पाखडत होत्या. मला बघून म्हणाल्या, “आज सर लई रंगात हायत गं. लई येळ झाला, थांबंनात.”

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी भानुदासला हात केला, त्यानं पिठाचा हात वर केला. मी दारापाशी पोचले तेव्हा तात्यांचा आवाज थांबला होता.

खुर्ची दारातच होती, पण वाकडी झाली होती. रोज रस्त्याकडे असणारं तोंड निम्मं घरात वळलं होतं. तात्यांच्यात खुर्ची वळवायची ताकद नव्हती. डाव्या पायानं त्यांनी ती कशी रेटली असेल कुणास ठाऊक. त्या पायाचा अंगठा उंबऱ्याला घासून रक्ताळला होता. घामानं सदरा भिजला होता. ते आत बघत होते.

आई मधल्या दारात पडली होती. मोरीपाशी पाय घसरून डोकं कट्ट्याच्या दगडावर आपटलं होतं. कळशी कलंडली होती, पाणी सगळ्या स्वैपाकघरात झालं होतं. तिनं पदराचा बोळा करून डोक्याला दाबून धरला होता. पाण्यातून सरपटत ती मोरीपासून मधल्या दारापर्यंत आली होती. मी हाका मारल्या. तिनं डोळे उघडले नाहीत.

भानुदासनं टेम्पो काढला. सरकारी दवाखान्यातून मिरजेला न्यायला सांगितलं. मिरज आलीच नाही. वाटेतच आई गेली.

आम्ही तिला परत सरकारी दवाखान्यात आणलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “डोक्याच्या आत रक्त साठत गेलं. असं असतं तेव्हा सुरुवातीला पेशंट शुद्धीवर असतो. बोलतो, ऐकतो. मग हळूहळू ग्लानी येते. घरात कुणी नव्हतं का?”

“वडील होते,” मी म्हणाले. “पण त्यांना बोलता येत नाही.”

दिवस झाले. पाहुणे आले, गेले. तात्यांना अंत्यविधीच्या आधी आईजवळ नेलं होतं. ते बघत राहिले, तेवढंच. नंतर मी ‘बी आर आय’ म्हणून सुरुवात करून द्यायची, तर ते मान फिरवायचे. पाठांतरही गेलं, असं मी धरून चालले. गल्लीनंही पुन्हा कधी शाळेचा विषय काढला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भानुदास दळणाचा डबा पोचवायला म्हणून आला आणि बसून राहिला. मी चहा ठेवला. तात्या खुर्चीत होते. भानुदासनं त्यांच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“वैजूताई, येक इचारू? माझ्या डोक्यातनं जात न्हाई त्ये.”

“विचार की.”

“त्या दिवशी सर असं का करत हुतं?”

“कसं?”

“आवो, रोज सर आमी सुरवात केल्यावर सुरू हुत्यात. त्या दिवशी कुणी काय बोललं न्हवतं. मी तर दळत हुतो. गिरणीतबी ऐकू यील असं सर येकायेकी वराडलं. मी म्हनलं, सरांस्नी आज हुरूप आलाय. गिरणी बंद केली. पर ब्राईट न्हाई, फाईट न्हाई. येकदम मधनंच.”

मी चहा सोडून त्याच्याकडे वळले. “मधनंच म्हणजे?”

“फ्राईट. एफ आर आय जी एच टी, फ्राईट, फ्राईट म्हंजी? आमी म्हनलं, धास्ती. तर पुढं लाईट यायला पायजे. तर परत फ्राईट. परत धास्ती म्हनलं. तर परत फ्राईट. नंतर नंतर तर ‘म्हंजी’बी सोडलं. नुस्तं फ्राईट, फ्राईट, फ्राईट. शिंप्याचं पोरगं हसाय लागलं, म्हनलं सरांची तबकडी अडाकली. सारी गल्ली धास्ती, धास्ती म्हनत हुती. मलाबी हसू आलं वो.” त्यानं नाक पुसलं. “शेवटी मी तिथनं वराडलो, सर, अर्थ बराबर हाय, पुढचा घ्या!”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. भानुदास माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं नव्हतं. त्याला दातार मॅडमचं बोलणं ठाऊक नव्हतं. त्याच्यापुरतं ते सरांचं एक कोडं होतं आणि ते मी सोडवावं म्हणून तो बसला होता.

“असं होतं कधीकधी,” मी म्हणाले. “आजारपणात अडकतं माणूस.”

“व्हय, व्हय,” भानुदास म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. चहा पिऊन तो गेला आणि थोड्या वेळानं गिरणी सुरू झाली.

मी दातार मॅडमना फोन केला नाही. फोन करून काय सांगायचं? ओळ तुटली, या म्हणून?

मी तात्यांच्या पायाशी जाऊन बसले. अंगठ्याची जखम भरत आली होती. मी म्हणाले, “तात्या, तुम्ही बोललात.” ते मधल्या दाराकडे बघत होते. तिथं पाण्यातून सरपटत आई जिथवर आली होती, तिथवर. “तुम्ही बरोबर शब्द उचललात,” मी म्हणाले. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा झटक्यापासून तसाही पाझरायचा. मी पदरानं पुसला.

त्यानंतर तात्या आणखी बरीच वर्षं जगले. त्या शब्दानंतर त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही. अगं नाही, वैजू नाही, काहीच नाही. मी त्यांचं सगळं केलं आणि गप घरात राहायला शिकले.

एक गोष्ट मात्र मला अजून सोडत नाही. आई शुद्धीवर होती, असं डॉक्टर म्हणाले होते. ऐकतो, असंही म्हणाले होते. म्हणजे तात्या दारातून ओरडत होते तेव्हा ती मोरीपाशी पडून ऐकत असणार. गल्ली त्यांना अर्थ सांगत होती. अर्थ सांगायला रोज सगळ्यांच्या आधी असायची ती आई. त्या दिवशी तेवढी एकच विद्यार्थिनी होती, जिला तात्या काय म्हणतायत ते कळलं होतं. ती ‘ओ’ देण्यासाठी दाराकडे सरपटत येत होती.